फ्युकोइडन, फ्युकोझँथिन, डोलास्टॅटिन: शैवालातून कर्करोगाचं औषध मिळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे, केमोथेरपी सुरू आहे. तपकिरी समुद्री शैवालातलं फ्युकोइडन कर्करोगाच्या पेशी मारतं असं जागोजागी वाचायला मिळतं. त्याच्या कॅप्सूल सुरू कराव्यात का? आणि या संशोधनात खरोखर किती तथ्य आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. केमो चालू असताना स्वतःच्या मनाने सुरू करू नका. आधीच सुरू केल्या असतील तर आजच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगा. कारणं पुढे येतील. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आनंदाने देतो. समुद्री शैवालातले रेणू वेगळे करणं, त्यांची रचना शोधणं आणि पेशींवर त्यांची चाचणी घेणं हेच माझं काम आहे. तथ्य आहे, आणि भरपूर आहे. फक्त जाहिराती बोट दाखवतात तिथे ते नाही.

सुरुवात फ्युकोइडनपासून करू. स्वीडनमधल्या उप्सालाच्या हॅराल्ड किलिन यांनी 1913 मध्ये ते तपकिरी शैवालातून पहिल्यांदा वेगळं केलं. ही एक बहुशर्करा आहे, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी. त्यातली मुख्य साखर फ्युकोज, आणि तिला जागोजागी सल्फेटचे गट चिकटलेले असतात. या सल्फेटमुळे साखळीवर दाट ऋण विद्युतभार येतो, आणि तिचे बहुतेक जैविक गुण त्यातूनच येतात. रक्त गोठू न देणारं हेपरिनही असंच सल्फेटयुक्त असतं, म्हणून फ्युकोइडनमध्ये रक्त पातळ करण्याचा गुण सापडला तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फ्युकोइडन हे एका पदार्थाचं नाव नाही, ते एका कुळाचं नाव आहे. फ्युकस आणि अ‍ॅस्कोफायलम या शैवालांत साखळीतले दुवे आलटूनपालटून 1-3 आणि 1-4 असे (हे आकडे म्हणजे साखरेच्या कोणत्या कार्बनपाशी जोड आहे ते) जोडलेले असतात. ओकिनावाच्या मोझुकू शैवालात आणि लॅमिनारियात ते प्रामुख्याने 1-3 असतात. सल्फेटचं प्रमाण, साखळीची लांबी, अधेमधे येणाऱ्या इतर साखरा हे सगळं जातीनुसार, ऋतूनुसार आणि काढण्याच्या पद्धतीनुसार बदलतं. उकळत्या आम्लात काढलं तर साखळी तुटते. थंड पाण्यात काढलं तर लांब राहते, पण सोबत अल्जिनेट ही दुसरी बहुशर्करा आणि फ्लोरोटॅनिन ही शैवालातली पॉलिफेनॉलही येतात. त्यामुळे एका प्रयोगशाळेच्या फ्युकोइडनने गाठ लहान झाली याचा अर्थ दुसऱ्या कारखान्यातल्या बाटलीतलं फ्युकोइडनही तेच करेल असा होत नाही. साखळीच्या लांबीने किती फरक पडतो ते कॅराजिनानमध्ये दिसतं. लाल शैवालातली ही बहुशर्करा अन्नपदार्थ घट्ट करायला जगभर वापरतात. पण आम्लाने बारीक तुकडे केलेल्या कॅराजिनानला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘माणसात कर्करोगाला कारणीभूत होण्याची शक्यता असलेला’ असं वर्गीकृत केलं आहे. अखंड साखळी त्या गटात नाही.

‘फ्युकोइडन कर्करोगाच्या पेशी मारतं’ हे वाक्य खोटं नाही. आतडं, स्तन, यकृत, फुप्फुस, रक्त अशा अनेक कर्करोगांच्या पेशींवर ते तपासलं गेलं आहे. पेशीच्या नियोजित मृत्यूची यंत्रणा जागी होते, कॅस्पेझ नावाची विकरं काम सुरू करतात, नवीन रक्तवाहिन्या फुटण्याचा वेग मंदावतो. पण हे सगळं काचेच्या बशीत होतं, आणि बशीत पेशींभोवती फ्युकोइडन किती ठेवलेलं असतं हे कुणी सांगत नाही. बहुतेक प्रयोगांत ते एका मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅमपासून 1 मिलिग्रॅमपर्यंत, कधी त्याहून जास्त असतं. तोंडाने घेतलेलं फ्युकोइडन आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. रक्तात पोहोचतं ते मिलिलिटरला नॅनोग्रॅमच्या हिशेबात, फार तर काही मायक्रोग्रॅम.

फ्युकोझँथिनमध्ये ही तफावत आणखी स्वच्छ दिसते, कारण तो लहान आणि ठरावीक रचनेचा रेणू आहे. तपकिरी शैवालाला तपकिरी करणारं रंगद्रव्य ते हेच. 2001 मध्ये जपानी संशोधकांनी 15 कॅरोटिनॉइड (फ्युकोझँथिन ज्या रंगद्रव्यांच्या कुळातलं, ती) पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगपेशींवर तपासले. त्यांत फ्युकोझँथिन आणि निओझँथिन सर्वांत प्रभावी ठरले. तेव्हापासून या रेणूवर शेकडो शोधनिबंध आले. माझाही तो आवडता रेणू आहे, प्रकाशात आणि उष्णतेत इतका लवकर बिघडणारा असूनही. बशीतल्या प्रयोगांत त्याची मात्रा साधारण 10 ते 50 मायक्रोमोलर असते. माणसाने तो खाल्ला की आतड्यातच त्याचं फ्युकोझँथिनॉल होतं. 31 मिलिग्रॅम फ्युकोझँथिन असलेला अर्क स्वयंसेवकांना दिला, तेव्हा रक्तातलं फ्युकोझँथिनॉल जास्तीत जास्त 44 नॅनोमोलरच्या आसपास गेलं (एक नॅनोमोलर म्हणजे मायक्रोमोलरचा हजारावा भाग). म्हणजे बशीतल्या मात्रेपेक्षा दोनशे ते हजार पटींनी कमी. आठवडाभर रोज वाकामे शैवाल शिजवून खाऊ घातल्यावर तर ते 1 नॅनोमोलरही भरलं नाही. ही दरी कॅप्सूलची संख्या वाढवून भरून निघणारी नाही.

बशीतल्या निकालांबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण ते बाहेरच्या वाचकाला दिसत नाही. पेशी जगल्या की मेल्या हे मोजण्याच्या सर्वांत सोप्या चाचणीत एक पिवळं रसायन घालतात, जिवंत पेशी त्याचं जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात, आणि त्या रंगाची तीव्रता मोजतात. शैवालातली पॉलिफेनॉल मात्र स्वतःच हा रंग बदलू शकतात, पेशी असोत वा नसोत. फ्लोरोटॅनिन तर प्रथिनांना सरसकट चिकटतात, त्यामुळे ते कोणत्याही विकराचं काम अडवताना दिसतात. अशुद्ध फ्युकोइडनचा ऑक्सिडीकरणविरोधी गुण बरेचदा त्यात राहिलेल्या फ्लोरोटॅनिनचाच असतो. आणि ‘रोगप्रतिकारशक्ती वाढली’ असं दाखवणाऱ्या प्रयोगांत मी आधी एकच बघतो: नमुन्यात एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं विष, आहे का हे तपासलं होतं का? समुद्रातून आलेल्या बहुशर्करेत ते सहज असतं, आणि त्याचा अंशही प्रतिकारपेशींना चेतवायला पुरतो. या तीन गोष्टी तपासलेल्या नसतील तर मी तो शोधनिबंध बाजूला ठेवतो, मग तो कितीही गाजलेला असो.

मग माणसांवर काहीच झालं नाही का? झालं आहे, आणि तुमच्या वडिलांचाच आजार असलेल्यांवर झालं आहे. 2011 मध्ये जपानमधून 20 रुग्णांचा अभ्यास आला. मोठ्या आतड्याचा बळावलेला कर्करोग, केमो चालू, निम्म्यांना फ्युकोइडन दिलं. फ्युकोइडन घेणाऱ्यांत थकवा बराच कमी दिसला. पण गट दहा-दहांचे होते, आणि थकव्यासारखी तक्रार रुग्णाच्या अपेक्षेनेही कमी-जास्त होते. 2017 मध्ये तैवानचा अभ्यास आला. तो अधिक काटेकोर होता. 54 रुग्ण होते, आणि कोणाला फ्युकोइडन मिळतंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही नाही. कमी रेणूभाराचं फ्युकोइडन घेणाऱ्यांत आजार आटोक्यात राहिलेल्यांचं प्रमाण सुमारे 93 टक्के, दुसऱ्या गटात 69 टक्के. हा आकडा जाहिरातींत वापरला जातो. त्याच अभ्यासात एकूण आयुर्मानात आणि आजार पुन्हा वाढेपर्यंतच्या काळात ठोस फरक दिसला नाही, हे मात्र त्या जाहिरातींत नसतं. माझं मत विचाराल तर हा निकाल मोठी चाचणी करण्याइतका आशादायक आहे. त्यावर घरी उपचार ठरवण्याइतका तो पक्का नाही.

फ्युकोइडनचं भविष्य मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. अनेक गाठींच्या रक्तवाहिन्यांवर पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन असतं. फ्युकोइडन त्याला घट्ट चिकटतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या गटाने 2016 मध्ये फ्युकोइडनचे अतिसूक्ष्म कण बनवून त्यांत केमोची औषधं भरली आणि ते उंदरांना शिरेतून दिले. औषध गाठीत अधिक साचलं. गाठीला किरणोपचार दिला तर तिथलं पी-सिलेक्टिन वाढतं आणि कण आणखी नेमके पोहोचतात, हेही दिसलं. इथे फ्युकोइडन स्वतः पेशी मारत नाही, मारणाऱ्याला जागेवर पोहोचवतं. त्याची रचना बघता हेच काम त्याला शोभतं असं मला फार वाटतं.

आता शैवालाच्या जगातून आलेल्या खऱ्या औषधाकडे येतो. त्याची गोष्ट कॅप्सूलच्या प्रश्नाचंही उत्तर देते.

अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाचे जॉर्ज पेटिट यांनी 1970 च्या दशकात हिंदी महासागरातल्या मॉरिशसजवळून डोलाबेला ऑरिक्युलेरिया नावाची समुद्री गोगलगाय गोळा केली. तिच्या अर्कात कर्करोगपेशींना विलक्षण मारक असं काहीतरी होतं. पण ते इतकं कमी होतं की ढीगभर गोगलगायींतून हाती मोजके मिलिग्रॅम लागत. पाच घटकांच्या त्या लहानशा पेप्टाइडची रचना 1987 मध्ये प्रसिद्ध झाली. नाव डोलास्टॅटिन 10. पेशी विभागताना गुणसूत्रं ओढून नेणाऱ्या ज्या सूक्ष्मनलिका असतात, त्यांची जुळणी हा रेणू थांबवतो, आणि तेही नॅनोमोलरच्याही खालच्या मात्रेत. वर फ्युकोझँथिनसाठी मायक्रोमोलरचे आकडे सांगितले, त्यांच्याशी ताडून बघा.

गोगलगाय हा रेणू बनवत नाही, हे बऱ्याच जणांच्या मनात होतं. ती शैवाल चरते. 2001 मध्ये पलाऊ बेटांजवळच्या सिम्प्लोका नावाच्या नीलहरित शैवालातून थेट डोलास्टॅटिन 10 मिळालं आणि मूळ कारागीर सापडला. नीलहरित शैवाल म्हणजे शास्त्रीय अर्थाने जिवाणूच, प्रकाशसंश्लेषण करणारे. समुद्रातल्या औषधांच्या शोधात हे पुन्हा पुन्हा घडतं. हवाईतल्या कहालालाइड एफचंही तसंच झालं. ते आधी गोगलगायीत सापडलं, मग तिच्या खाण्यातल्या ब्रायोप्सिस या हिरव्या शैवालात, आणि 2019 मध्ये कळलं की खरा निर्माता त्या शैवालाच्या आत राहणारा एक जिवाणू आहे.

डोलास्टॅटिन 10 रुग्णांना शिरेतून देऊन पाहिलं. ते निष्फळ ठरलं. गाठी फारशा कमी झाल्या नाहीत, अस्थिमज्जा दबली, हातापायांच्या नसांना इजा झाली. इतका जालीम रेणू शरीरभर फिरवला तर निरोगी पेशीही मरणारच. क्रिप्टोफायसिनचं, नोस्टॉक या नीलहरित शैवालातल्या तशाच ताकदवान रेणूचं, पाऊलही नसांवरच्या दुष्परिणामांशी येऊन अडलं. अनेक जण इथे थांबले असते.

थांबले नाहीत ते रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी डोलास्टॅटिनची रचना थोडी बदलून ऑरिस्टॅटिन बनवले, आणि त्यांतलं एमएमएई नावाचं संयुग प्रतिपिंडाला, म्हणजे ठरावीक खूण ओळखून तिला चिकटणाऱ्या प्रथिनाला, जोडलं. हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या पेशींवर सीडी30 नावाची खूण असते. प्रतिपिंड तिला ओळखून चिकटतो, पेशी त्याला आत ओढते, आतली विकरं जोडणारा दुवा कापतात आणि विष तिथेच सुटतं. एका प्रतिपिंडावर सरासरी चार रेणू. हे औषध म्हणजे ब्रेन्टुक्सिमॅब वेडोटिन. अमेरिकेत त्याला 2011 मध्ये मान्यता मिळाली. त्यामागच्या मुख्य चाचणीत मूलपेशी प्रत्यारोपणानंतरही आजार उलटलेले 102 रुग्ण होते. त्यांतल्या 75 टक्क्यांत गाठी लक्षणीय कमी झाल्या, 34 टक्क्यांत आजाराचा मागमूस उरला नाही. ज्यांच्यासाठी फारसा पर्याय शिल्लक नव्हता त्यांच्याबद्दलचे हे आकडे आहेत.

त्याच एमएमएईवर पुढे पोलाटुझुमॅब वेडोटिन, एनफोर्टुमॅब वेडोटिन आणि टिसोटुमॅब वेडोटिन ही औषधं उभी राहिली. मूत्राशयाच्या पसरलेल्या कर्करोगात एनफोर्टुमॅब वेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं (रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळं करणारं) औषध एकत्र दिल्यावर मध्यक आयुर्मान 31.5 महिने भरलं, नेहमीच्या केमोच्या गटात ते 16.1 महिने होतं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला हा निकाल वाचताना मला त्या गोगलगायीची आणि सिम्प्लोकाच्या केसाळ झुबक्यांची आठवण झाली, हे लपवणार नाही. पण हेही सांगतो: नसांची इजा या औषधांतही होते आणि डॉक्टर तिच्यावर सतत लक्ष ठेवतात. आणि सिम्प्लोका खाऊन यातलं काहीही मिळणार नाही, मिळाली तर विषबाधा मिळेल.

सगळ्याच रेणूंना असा शेवट लाभत नाही. पोर्टिएरिया हॉर्नेमॅनी या लाल शैवालातलं हॅलोमॉन 1992 मध्ये मोठी आशा घेऊन आलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या 60 पेशीवाणांच्या चाचणीत त्याचा ठसा इतरांहून वेगळा होता. पण एका किनाऱ्यावरच्या शैवालात ते सापडे, दुसऱ्या किनाऱ्यावर नाही. माणसांपर्यंत ते पोहोचलंच नाही. फ्लोरिडाजवळच्या सिम्प्लोकातून 2008 मध्ये मिळालेल्या लार्गाझोलवर मात्र माझी नजर आहे. ते जनुकांची दारं बंद ठेवणाऱ्या एचडीएसी विकरांना अडवतं, आणि या वर्गातली औषधं आधीच वापरात असल्याने वाट अगदीच अनोळखी नाही.

आता पुन्हा वडिलांकडे. सावध राहा असं मी का म्हणालो?

पहिलं, रक्त. तोंडाने घेतलेल्या फ्युकोइडनचा परिणाम सौम्य असतो, पण केमोमध्ये प्लेटलेट खाली येतात, शिरेतल्या नळीमुळे किंवा गुठळीमुळे अनेकांना रक्त पातळ करणारं औषध चालू असतं, मध्येच शस्त्रक्रिया ठरते. अशा वेळी त्याच दिशेने ढकलणारी आणखी एक गोष्ट डॉक्टरांना माहीत नसणं धोक्याचं आहे. वॉरफरिन चालू असेल तर अखंड शैवालातलं के जीवनसत्त्व उलट दिशेनेही गोंधळ घालू शकतं.

दुसरं, आयोडीन. प्रौढाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं. शैवालांच्या एका मोजणीत सुशीला गुंडाळतात त्या नोरीमध्ये ग्रॅमला 16 मायक्रोग्रॅम निघालं आणि केल्प या मोठ्या तपकिरी शैवालाच्या दाण्यांमध्ये 8 हजारांहून जास्त. शुद्ध केलेल्या फ्युकोइडनमध्ये ते बरंच कमी होतं, पण ‘शैवाल पावडर’ असं लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये किती आहे हे लेबलवर नसेल तर अंदाज करू नका. जपानमधल्या 50 हजारांहून अधिक स्त्रियांच्या दीर्घ अभ्यासात, जवळपास रोज शैवाल खाणाऱ्यांत, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी चालू असेल तर थायरॉइड आधीच जोखमीत असतं. थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन ठरलं असेल तर शैवाल पूर्ण बंद.

तिसरं, सोबत येणारी घाण. हिजिकी या शैवालात असेंद्रिय आर्सेनिक इतकं असतं की ब्रिटनच्या अन्न यंत्रणेने ते खाऊच नका असं सांगितलं आहे. तलावातून गोळा केलेल्या नीलहरित शैवालाच्या पूरकांत मायक्रोसिस्टिन हे यकृताला मारक विष येऊ शकतं. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याने त्यासाठी ग्रॅमला 1 मायक्रोग्रॅम ही मर्यादा 1997 मध्येच घातली. केमोची बरीच औषधं यकृतातूनच निकामी होतात, तेव्हा यकृत जपायलाच हवं.

औषधांच्या पातळीवर फ्युकोइडनचा परिणाम होतो का, हेही एकदा तपासलं गेलं आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल घेणाऱ्या 20 रुग्णांना तीन आठवडे वाकामेचं फ्युकोइडन दिलं. रक्तातली औषधाची पातळी बदलली नाही. दिलासा देणारी बाब आहे, पण ती त्या दोन औषधांपुरती. वडिलांच्या केमोबद्दल त्यातून काही ठरत नाही.

जेवणात अधूनमधून थोडं शैवाल येत असेल आणि थायरॉइडची तक्रार नसेल, तर त्याची भीती बाळगू नका. प्रश्न आहे तो रोजच्या, अर्क केलेल्या, औषध म्हणून घेतलेल्या मात्रेचा.

तरीही वडिलांची घ्यायची इच्छा असेल तर ती दडपू नका. आजारात आपणही काहीतरी करतोय असं वाटणं माणसाला हवं असतं. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लेबलवर हे शोधा: शैवालाची नेमकी जात, फ्युकोइडनचं टक्क्यांतलं प्रमाण, रेणूभार, आयोडीन आणि जड धातूंची तपासणी. यातलं निम्मंही लिहिलेलं नसेल तर ती बाटली परत करा. सगळं असेल तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: सध्याच्या प्लेटलेट किती आहेत, रक्त पातळ करणारं काही चालू आहे का, आणि पुढची शस्त्रक्रिया किंवा तपासणी कधी आहे. आणि शैवालातल्या घटकांची नोंदणीकृत चाचणी कुठे चालू आहे का, हेही त्यांनाच विचारा. अशा चाचणीत मात्रा ठरलेली असते, रक्त नियमित तपासलं जातं, आणि वडिलांना काय झालं याची नोंद पुढच्या रुग्णाच्या उपयोगी पडते.